उभी चिरलेली नळी

कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या दुकानात ऊसतोडणी यंत्रांचे, जेसीबीचे आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हायड्रोलिक पाइप दाबून दिले जातात. तेलाने माखलेला फुटका पाइप खांद्यावर टाकून माणूस येतो, जुन्या फिटिंगच्या मापाचे नवे फिटिंग शोधले जाते, तेवढ्याच लांबीचा होज कापून दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे नळीला फिटिंगवर धरून ठेवणारी धातूची टोपणे, दाबले जातात आणि तासाभरात तो माणूस फडात परत गेलेला असतो. अशा दुकानात २०१९ च्या डिसेंबरात एक पोरगा बोटाएवढी जाड, जेमतेम पाऊण मीटर लांबीची काळी नळी घेऊन आला. ती कुठल्या यंत्राची आहे, असे मी विचारल्यावर त्याने आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आमचीच हाय, काका."

नळीच्या एका टोकाला जुबिली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी, आवळलेली होती. ती सोडवली आणि तिच्या खालचे रबरी टोपण मागे सरकवले. हे टोपण नळी फेरूलपाशी फार वाकू नये म्हणून घातलेले असते. पण ते जिथे झाकून बसले होते नेमके तिथेच पितळेवर हिरवट थर चढलेला होता, खाचेत मिठाचे पांढरे कण साचले होते, आणि फेरूल संपून नळी वळायला लागते त्या रेषेवर रबराला नखाने कोरल्यासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. दुकानातल्या कंप्रेसरला जोडून नळी बादलीत बुडवली तेव्हा फेरूलच्या काठाखालून बुडबुड्यांची सर निघाली, बारीक पण न तुटणारी. पोरगा वाकून ते बघत होता. "एवढंच दाबून द्या की," तो म्हणाला, "शनिवारी फूटव्हॉल्व्ह काढायचाय."

कृष्णाकाठच्या गावांमधून पाणबुड्याचे काम करणारी माणसे पूर्वीपासून आहेत. विहिरीत पडलेली मोटर वर काढणे, उपसा योजनेच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपासाठी नदीकाठी बांधलेल्या विहिरीत, उतरून सक्शन पाइपाच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा उपसणे, सक्शन पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गाळात रुतली तर ती मोकळी करणे, आणि कधी कधी ज्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही ते काम करणे, म्हणजे बुडालेल्या माणसाला शोधणे. हे सारे एका दमात होत असे. त्या वर्षी ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, आणि पाणी ओसरल्यावर काठच्या कितीतरी जॅकवेलांत कमरेएवढा गाळ बसला होता. एका दमात होणारे काम ते नव्हते. म्हणून या पाच-सहा पोरांनी वर्गणी काढून मालवणकडून एक जुना स्कूबा संच, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी पाठीवरची हवेची टाकी आणि तिच्या नळ्या, आणला होता. त्यातलीच ही नळी.

तिच्याकडे मी एरवीपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो, त्याला कारण होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या हट्टापायी, मी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकलो होतो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण पाण्याखाली श्वास घ्यायचा म्हटल्यावर शरीर हटून बसते. प्रशिक्षक हाताच्या खुणेने 'श्वास घे' म्हणत होता आणि माझे लक्ष तोंडात धरलेल्या माउथपीसपासून मागे जाणाऱ्या नळीकडे लागले होते. फेरूल कसे दाबले आहे, कडेला सरकल्याची खूण आहे का, हे मी पहिल्याच बुडीत मान वळवून वळवून पाहत होतो. माझ्या जागी कोणीही मासे बघितले असते.

या नळीत काय चालते ते पोराला मी त्या दिवशी गल्ल्यावरच्या बिलाच्या मागे चित्र काढून दाखवले. टाकीत हवा २०० बार दाबाने भरलेली असते. आमच्या बाजारात दाब 'किलो'त, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो असा, बोलतात, आणि फरक इतका थोडा असतो की २०० किलो म्हटले तरी चालते. टाकीच्या तोंडावर बसवलेला पहिला टप्पा हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० किलो जास्त ठेवतो, आणि तोंडात धरलेला दुसरा टप्पा श्वासागणिक ती हवा नेमक्या पाण्याच्याच दाबाला आणून देतो. मधली नळी म्हणजे ही. दहा किलो हा आमच्या धंद्यात दाब म्हणण्याच्याही लायकीचा नाही. ऊसतोडणी यंत्राच्या पाइपात त्याच्या वीसपट असतो. पोरगाही तेच म्हणाला. त्याला धास्ती होती ती टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या बारीक नळीची, कारण तिच्यात टाकीचा सगळा दाब असतो.

खरे गणित उलटे आहे, आणि ते कळल्यापासून मला या संचाच्या रचनेविषयी आदर वाटू लागला. काट्याकडे जाणाऱ्या हाय प्रेशर नळीच्या टाकीकडच्या फिटिंगमध्ये सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवलेले असते. काट्याला दाब कळायला हवा वाहावी लागत नाही, नुसती पोचावी लागते. त्यामुळे ती नळी फुटली तरी त्या छिद्रातून हवा चिरचिरत जाते आणि माणसाला वर यायला सवड मिळते. श्वासाच्या नळीला अशी वाट रोखून चालत नाही. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ३० मीटर खोलीवर, जिथे दाब चौपट असतो, तेवढ्याच श्वासांना ८० लिटर लागते, आणि ती सारी या पाव इंची पोकळीतून जावी लागते. म्हणून तिची वाट मोकळी असते, आणि म्हणूनच ती तुटली तर भरलेली टाकी अगदी थोड्या मिनिटांत रिकामी होते. कमी दाबाची नळी जास्त घातक, हे वाक्य मी त्या पोराला तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा त्याने मान डोलावली, त्यावरून त्याला ते पटलेले नाही हे मला समजले.

मुळात ही नळी दाबाची नव्हतीच. १९४३ साली जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघा फ्रेंच माणसांनी जो अ‍ॅक्वालंग सिद्ध केला, त्याचे बीज गान्याँने युद्धकाळात पेट्रोलऐवजी लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारींसाठी बनवलेल्या झडपेत होते. त्यात सगळी यंत्रणा पाठीवर असे आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या तोंडाकडे येत. एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. त्या वळ्या शोभेच्या नव्हत्या. त्यांच्यामुळे नळी कशीही वाकली तरी चपटी होत नसे आणि मान वळवली की लांबत असे. त्या नळ्यांत हवा पाण्याच्याच दाबाची असल्याने एखादी फाटली तर हवा जोराने बाहेर पडण्याऐवजी पाणी आत शिरे, आणि माणसाला ते तोंडात लागे. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या टेड एल्ड्रेडने पॉरपॉइज या आपल्या यंत्रात दोन टप्प्यांची फारकत केली, एक टाकीवर आणि एक तोंडापाशी, आणि मधे एकच सडपातळ नळी ठेवली. त्या दिवसापासून दाब नळीत आला आणि तिच्या कामात माझ्यासारख्यांच्या धंद्याचा संबंध येऊ लागला.

दाबाच्या नळीचे हाड तिच्या रबरात नसते, विणीत असते. आतला थर हवा धरून ठेवतो, बाहेरचा ऊन आणि घासणे सोसतो, पण जोर घेते ती मधली धाग्यांची वेणी. तासगाव भागातल्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, औषध फवारणीचा पाइप फुटतो तो नेहमी उभा चिरत जातो, आडवा कधीच तुटत नाही. याचे कारण असे, की नळीतला दाब तिला लांबीत जेवढा ताणतो त्याच्या दुप्पट घेरात ताणतो. धागे आडवे गुंडाळले तर घेर सांभाळला जाईल पण नळी लांबीत सुटेल. उभे घातले तर उलट होईल. तिरपे विणायचे तर किती तिरपे, याला एकच उत्तर निघते: नळीच्या अक्षाशी ५४.७ अंश. या कोनावर विणलेली नळी दाब भरला तरी लांबत नाही आणि आखडतही नाही. कोन याहून कमी असेल तर ती फुगून आखूड होते, जास्त असेल तर बारीक होऊन लांबते. पाण्याखाली आखडणारी नळी तोंडातला टप्पा प्रत्येक श्वासाला एका बाजूला ओढत राहील, हा विचार मला कोणी शिकवलेला नव्हता. जुनी नळी सोलून तिच्या विणीवर मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला, तेव्हा तो सुचला.

बाहेरच्या थराचीही एक खुबी आहे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून हायड्रोलिकचा उत्तम प्रतीचा पाइप नेऊन हवेच्या लाइनला लावला होता, आणि काही महिन्यांनी तो भाजल्यावर उठतात तसे फोड आलेला पाइप दाखवायला घेऊन आला. माल खराब दिला म्हणून माझ्याशी वाद घातला. मीही तेव्हा रबराच्या कारखान्यालाच दोष दिला होता. रबर तेल अडवते, पण हवा त्यातून मुंगीच्या पावलाने झिरपतच असते. ती आतल्या थरातून निघून बाहेरच्या सालीखाली कोंडते आणि फोड आणते. म्हणून वायूसाठी बनवलेल्या चांगल्या नळीच्या बाहेरच्या सालीला जागोजाग सुईने टोचलेले असते. नव्या नळीला पाण्यात बुडवल्यावर अंगभर अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरायचे नाही, तो या टोचण्यांतून निघालेला असतो. एकाच जागी ओळीने बुडबुडे आले तर मात्र घाबरायचे. गॅरेजवाल्याचे पैसे मी तेव्हा परत केले नव्हते.

असो. त्या शनिवारच्या नळीकडे येतो. मी ती दाबून द्यायला नकार दिला. एकदा दाबलेले फेरूल पुन्हा दाबले तर दोनच गोष्टी होऊ शकतात: एक तर नळीच्या आत शिरलेल्या खाचांच्या पितळी नळकांड्याचा, म्हणजे निपलचा, गळा चेपतो, नाही तर त्याच्या खाचा आतल्या रबरात चाकूसारख्या घुसतात. गळती मात्र तशीच राहते, कारण ती फेरूल सैल पडल्यामुळे आलेली नसून रबर मेल्यामुळे आलेली असते. टोक कापून नवे फिटिंग लावावे म्हटले, तर चिरा एका टोकाला दिसल्या म्हणजे दुसरे टोक तेवढेच म्हातारे. ओढ लागलेल्या रबराला ओझोन असाच ओढीच्या जागी चिरतो, आणि चालत्या विजेच्या मोटरींभोवती तो तयार होत असतो. ही पोरे संच ठेवत होती पंपघरात, स्टार्टरच्या शेजारी खिळ्यावर. हे सगळे मी जरा चढ्या आवाजात सांगितले. जुबिली क्लिपवरून तर मी त्याला बरेच बोललो.

तो गेल्यावर मला माझीच एक जुबिली क्लिप आठवली. वडील किर्लोस्करवाडीला कामाला होते आणि घरची दोन एकर बाग आम्ही भाऊ बघत होतो. फवारणीच्या पाइपाला जोडापाशी गळती लागली, तेव्हा मी तिथे क्लिप आवळली, समाधान झाले नाही म्हणून दुसरी आवळली, आणि दोन ओळी फवारून होतात तोच जोड सुटून मोरचूद-चुन्याच्या निळ्या पाण्याने धाकटा भाऊ नखशिखान्त न्हाला. आई त्याला आठवडाभर 'नीळकंठ' म्हणत होती. वडिलांनी तो पाइप पाहिला आणि क्लिपा सोडून माझ्या हातात दिल्या, एवढेच. आमच्याकडे कोणतीही वस्तू टाकायची म्हटले की जिवावर येते. चपलेचा अंगठा, पंपाचा इम्पेलर, बैलगाडीची धाव, सगळे जोडून, शिवून, वेल्डिंग करून चालवायची सवय आहे आणि त्या सवयीवरच माझे दुकान उभे आहे. ज्या पोराला मी ओरडलो तो याच मातीतला होता, आणि त्याच्याकडे नव्या नळीला पैसे नव्हते.

सोमवारी मी त्याला निरोप पाठवला, की मी नळी करून देतो. पण माझ्या पद्धतीने, आणि वेळ लागेल. त्यांचा फूटव्हॉल्व्ह त्या शनिवारी निघाला नाही.

वेळ लागला तो आधी सामानाला. माझ्या रॅकवर डझनभर प्रकारचे होज आहेत, त्यांतला एकही मी तोंडाला लावला नसता. तेलासाठीच्या नळीच्या आतल्या रबराला स्वतःचा वास असतो, आणि दाबाखाली गरम दुपारी तो हवेत उतरतो. श्वासाच्या हवेसाठी म्हणून बनवलेलीच नळी हवी होती आणि ती पुण्याहून मागवावी लागली. रबराऐवजी पॉलिएस्टरच्या वेणीची, हलकी, रंगीत नळीही मिळत होती आणि पोरांना तीच आवडली होती, पण तिच्या आत पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि उष्ण हवामानात वापरलेल्या अशा काही नळ्यांमध्ये तो थर विघटित होऊन आत स्फटिकासारखे कण जमल्याचे, त्यांनी हवेची वाट अडवल्याचे आढळलेले आहे. बाहेरून अशा नळीला काहीच झालेले दिसत नाही. ज्या वस्तूचे म्हातारपण बाहेरून दिसते ती मला बरी वाटते. मी काळे रबर घेतले.

मग आटे. पहिल्या टप्प्याच्या कमी दाबाच्या भोकाला सहसा यूएनएफ या प्रमाणाचे ३/८ इंची आटे असतात, इंचाला २४. आमच्या गावात कोणत्याही लेथवाल्याकडे सर्रास सापडते ती बीएसपी या दुसऱ्या प्रमाणाची १/८, जी त्याच्याहून जेमतेम दोन दशांश मिलिमीटर जाड असते आणि जिच्यात इंचाला २८ आटे असतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही जुळ्या बहिणी. एक दुसरीत लावायला गेले तर एखादा आटा धरल्यासारखा होतो आणि मग अडते; अशा वेळी स्पॅनरला पाइप लावून जोर करणारा माणूस पितळ कापून आत बसवतो आणि 'बसला की' म्हणतो. हाय प्रेशरचे भोक मुद्दाम मोठे, ७/१६ इंची असते, म्हणजे चूक करायची म्हटली तरी दोन नळ्यांची अदलाबदल होऊ नये. ज्यांनी हे ठरवले त्यांना माणसांच्या हातांची चांगली पारख असली पाहिजे. एक निपल मी हौसेने लेथवर काढून पाहिला, आटे मोजपट्टीवर बरोबर आले, खाचाही नीट उतरल्या. पण त्याचे पितळ कोणत्या भट्टीचे आणि त्यात काय मिसळलेले, हे मला सांगता येत नव्हते. तो निपल अजून माझ्या खणात आहे. नळीला विकत आणलेलेच लावले.

कापताना रोजचे चाक वापरले नाही, कारण ते रबर जाळत कापते आणि आत काळी पूड सोडते, जी थेट दुसऱ्या टप्प्याच्या झडपेच्या बैठकीवर जाऊन बसेल. धारदार पात्याने काटकोनात कापून, कोमट साबणाच्या पाण्याने आतून धुऊन, सुकवून घेतले. निपल किती आत गेला पाहिजे त्याची खूण आधी नळीवर बाहेरून केली आणि फेरूल तिथपर्यंत टेकल्याची खात्री करूनच मशीनच्या आठ जबड्यांमध्ये धरले. जबडे मिटताना हायड्रोलिकच्या पाइपाला मी डोळे झाकून लिव्हर ओढतो. इथे तीनदा थांबून व्हर्निअर लावला. कमी दाबले तर नळी सुटेल, जास्त दाबले तर निपल चेपेल, आणि या दोहोंमधली जागा मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. दाबून झाल्यावर निपलच्या भोकातून ड्रिलच्या बिटाची गुळगुळीत मागची दांडी घालून पाहिली. सरळ गेली.

चाचणी पाण्याने केली. हवेने करू नये, हे प्रत्येक दुकानात माहीत असते आणि प्रत्येक दुकानात घाईच्या दिवशी विसरले जाते. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे नळी फुटली तर एक पिचकारी उडते आणि दाब संपतो. दाबलेली हवा म्हणजे ताणून धरलेली स्प्रिंग, ती तुकडे घेऊन सुटते. पहिला तुकडा मी फोडण्यासाठीच केला होता. हातपंपाने दाब चढवत नेला, कामाच्या दाबाच्या कितीतरी पट पुढे, आणि शेवटी तो नळीच्या मधोमध, उभा फुटला. फेरूलच्या कडेला मारलेली पांढऱ्या रंगाची रेघ जागची हललेली नव्हती. दुकानातल्या पोराने टाळी वाजवली. दुसरी नळी, जी द्यायची होती, ती ४० किलोवर पंधरा मिनिटे ठेवली, लांबी आधी आणि नंतर मोजली, कोरडी केली आणि तोंडाला लावून श्वास घेऊन पाहिला. नव्या रबराचा थोडा वास होता. चार दिवस हवेशीर टांगून ठेवल्यावर तो गेला. वास जाईपर्यंत ती मी दिली नाही, यावरून पोरे मला हसली असतील. पण आमच्या भागात पंक्चरच्या कंप्रेसरला फवारणीचा पाइप लावून विहिरीत उतरलेला एक माणूस मी पाहिलेला आहे. वर आल्यावर तो डोके धरून काठावर बसला होता. इंजिनाचा धूर कंप्रेसरच्या तोंडात जात होता आणि पाइपात कोणते औषध किती वर्षे वाहिले होते ते देवाला ठाऊक. तो वाचला.

नळी मी मुद्दाम लांब केली होती, सात फुटांची. ही लांबी फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी रूढ केलेली आहे. अरुंद बोळातून दोघांना शेजारी-शेजारी जाता येत नाही. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या नळीचे तोंड त्याला द्यायचे आणि दोघांनी पुढे-मागे होऊन बाहेर यायचे, त्याला पाऊण मीटर पुरत नाही. जॅकवेलच्या पाइपांच्या जंजाळात हे लागू पडेल असे मला वाटले. पोरांना ती लांब नळी आधी लोढणे वाटली. मानेभोवती एक वेढा घेऊन ती कशी वागवायची हे मी त्यांना दुकानाच्या अंगणात, कोरड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या जेसीबीवाल्यांच्या देखत शिकवले. मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवल्याशिवाय कोणी खाली उतरायचे नाही, हेही तेव्हाच सांगून घेतले. ते नळीच्या कामात येत नाही, पण कोणी तरी सांगायला हवे होते.

जानेवारीत त्यांनी जॅकवेल साफ केला. मी गेलो होतो. पाणी इतके गढूळ, की हात लांब केला तर बोटे दिसेनात; वरून नुसते बुडबुडे दिसत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो ते श्वासाचे आहेत की नळीचे, हे ओळखण्यासाठी. श्वासाचे बुडबुडे थांबून थांबून येतात. गळतीचे थांबत नाहीत. चाळीस मिनिटे मी विहिरीच्या कठड्यावर हात टेकून उभा होतो आणि त्या वेळात ते प्रत्येक वेळी थांबले.

त्यानंतर गावोगावचे संच माझ्याकडे येऊ लागले. फार नाहीत, वर्षाला आठ-दहा. बहुतेकांचे दुखणे ओरिंगचे, म्हणजे जोड बंद करणाऱ्या रबरी कडीचे, असते. काट्याच्या मुळाशी एक बारीक पिन असते, तिच्या दोन्ही टोकांना मोहरीएवढ्या दोन ओरिंगा असतात, त्यांतली एक झिजली की काटा फिरवताना तिथून हवा सुटते. लोक आख्खी नळी बदलायला निघतात आणि काम दोन ओरिंगांत भागते. काही जण गळती थांबवायला नट इतका आवळून आणतात की तो सोडवताना पहिल्या टप्प्याची भीती वाटावी. ओरिंगने बंद होणारा जोड जोर लावल्याने जास्त बंद होत नाही. हाताने बसवून स्पॅनरने जरासे टेकवले की झाले. हे पटवून देणे फिटिंग बदलण्यापेक्षा अवघड जाते, कारण दोन पिढ्यांनी आवळणे म्हणजेच काम, असे मनगटात भरवलेले आहे. हाय प्रेशरची नळी मात्र मी करत नाही. २०० किलोचा दाब मला नवा नाही. पण तो तेलाचा असतो, हवेचा नव्हे, आणि त्या फिटिंगमधले सुईचे छिद्र मला खात्रीने पाडता येत नाही. ती विकत घ्यायला सांगतो. गिऱ्हाईक नाराज होते.

दिलेल्या प्रत्येक नळीच्या फेरूलवर मी महिना-वर्ष ठोकून देतो. पहिल्या नळीवर ०१-२० आहे. देतानाच मी सांगितले होते, की चांगली दिसो वा वाईट, पाच वर्षांनी ही माझ्याकडे परत आणायची. तोवर दर पावसाळ्याआधी टोपणे मागे सरकवून, फेरूलपाशी वाकवून पाहायची, खिळ्यावर न टांगता पसरट वेटोळे करून सावलीत ठेवायची, मोटरीपासून लांब. यातले किती ते करतील याचा मला भरवसा नव्हता.

गेल्या वर्षी जानेवारीत तोच पोरगा आला. आता त्याला पोरगा म्हणवत नाही. अंगाने भरला आहे, बरोबर तीन वर्षांची मुलगी होती. नळी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. टोपणे मागे सरकवली. पितळ स्वच्छ होते, रबराला नखही लागले नव्हते, वाकवून, ताणून, पाण्यात धरून पाहिली, एकही ओळ नाही. ४० किलोवर ठेवली, लांबी मोजली, जानेवारी २०२० च्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली. तेवढीच. तो काही बोलत नव्हता, पण त्याला काय वाटत होते ते मला दिसत होते, आणि मलाही तेच वाटत होते.

मी नळी वाइसमध्ये धरली आणि पात्याने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उभी चिरली. आतून ती काळीभोर, ओलसर चमकणारी होती. निपलच्या खाचांचे ठसे रबरात नीट उमटलेले होते, जसे पहिल्या दिवशी उमटले असतील. धाग्यांच्या विणीत एकही धागा पिवळा पडलेला नव्हता.

"चांगली हुती की, काका," तो म्हणाला.

"हुती," मी म्हणालो.

नवी नळी तयार होती, ०१-२५ ठोकलेली; तिचे पैसे त्याने मोजून दिले आणि मी ते मोजून घेतले. चिरलेल्या नळीचा हातभर तुकडा त्याच्या मुलीने मागून घेतला. उरलेली मी दुकानाच्या फाटकाच्या साखळीवर चढवली आहे, त्यामुळे रात्री कुलूप लावताना साखळी आता वाजत नाही.